इंग्रजी विरामचिन्हे शिकविणाऱ्या सरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आम्ही संशोधक विद्यार्थी प्रबंध इंग्रजीत लिहितो, आणि आमच्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. निवृत्तीनंतरही आपण आमचे कच्चे मसुदे ओळीओळीने वाचले आणि स्वल्पविराम कोठे हवा, कोठे नको, हे कारणासह समजावून दिले, त्याबद्दल हे जाहीर आभार.

आपण नियमांची यादी पाठ करून घेतली नाही. अडचणीचे मूळ दाखविले. जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सलग लिहिलेले असत. मराठीत ही चिन्हे इंग्रजीवरून आली, आणि ती रुळविण्यात मेजर थॉमस कँडी यांच्या १८५० सालच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तिकेचा वाटा मोठा आहे. चिन्हे तीच असली तरी दोन्ही भाषांची वाक्यरचना वेगळी आहे, म्हणून त्यांची कामेही सर्वस्वी सारखी नाहीत, हे आम्हांला प्रथम आपल्याकडून कळले. ‘पाऊस आला, पेरणी झाली’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. औपचारिक इंग्रजीत मात्र अशी दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने सहसा जोडता येत नाहीत. तेथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा उभयान्वयी अव्यय लागते. आपल्याकडे ‘की’च्या आधी स्वल्पविराम देण्याची सवय असते, ती ‘दॅट’च्या आधी चालत नाही.

या सर्वांत मला अधिक मोलाचा वाटतो तो ‘हू’ने सुरू होणाऱ्या उपवाक्याचा धडा. ‘द फार्मर्स हू यूज्ड ड्रिप हार्वेस्टेड मोअर’ या वाक्यात ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यांनाच अधिक उत्पन्न मिळाले, असा अर्थ होतो; पण ‘हू यूज्ड ड्रिप’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, की त्या सर्वच शेतकऱ्यांनी ठिबक वापरले होते, असा होतो. मराठीत ‘ज्या शेतकऱ्यांनी... त्यांना’ ही जोडी पहिला अर्थ सांभाळते, त्यामुळे चिन्हाकडे आपले लक्षच जात नाही. प्रबंधात मात्र या दोन स्वल्पविरामांनी निष्कर्षच बदलतो. ठिबक न वापरणारे शेतकरी अभ्यासात होते की नव्हते, हे परीक्षकाला त्यांवरूनच कळणार असते, आणि म्हणूनच आपण या एका वाक्यावर संपूर्ण सकाळ दिली, ती सार्थ होती.

यादीत ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, याबद्दल आपण सांगितलेला अमेरिकेतील मेन राज्याचा दाखला विद्यार्थी आजही एकमेकांना सांगतात. तेथील कायद्यात ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नसल्यामुळे अर्थ संदिग्ध राहिला, २०१७ साली अपील न्यायालयाने दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. ब्रिटिश पद्धतीत हा स्वल्पविराम अनेकदा गाळतात. कोणतीही एक पद्धत घ्या, पण ती प्रबंधभर पाळा आणि संदिग्धता दिसेल तेथे स्वल्पविराम द्याच, ही आपली सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

आपण मसुद्यांच्या समासात लिहिलेली टिपणे आम्ही एकत्र केली आहेत. आपली अनुमती मिळाल्यास ती टंकलिखित करून यंदा प्रबंधलेखन सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना द्यावीत, अशी आमची इच्छा आहे. छापण्यापूर्वी त्यांवर आपली नजर फिरावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी