लोग्रोन्योची थंडी आणि जुनी रिओखा

प्रिय मंद्या,

जानेवारीत इकडे स्पेनमधे, लोग्रोन्योला येतोयस म्हणजे एक नंबर काम केलंस. उन्हाळ्यात सगळेच येतात, सांग्रिया पितात, फोटो टाकतात आणि जातात. आत्ता इथे सकाळी एब्रो नदीवर असं धुकं असतं की पलीकडचा काठ दिसत नाही, कांताब्रियाच्या डोंगरावर बर्फ, आणि संध्याकाळी लवकर अंधार. जुनी रिओखा, म्हणजे या रिओखा भागातली मुरलेली लाल वाईन, प्यायची ती असल्याच हवेत, तीच बाटली ऑगस्टमधे उघड, ग्लासात बघता बघता कोमट होते आणि नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो.

जुनी म्हणजे खिशाला कात्री का, असं विचारलंयस. नाही रे! काही बाटल्या आहेत तशा, पण बाकी इथली गंमतच ही आहे की मुरवायचं काम बोदेगावाले, म्हणजे वाईन बनवणारे, स्वतःच करून देतात, आपल्याला ना तळघर लागत ना धीर. रिओखात लेबलवर रेसेर्वा असेल तर किमान 3 वर्षं मुरलेली, ग्रान रेसेर्वा असेल तर 5, त्यातली निदान 2 ओकच्या पिंपात आणि 2 बाटलीत. आणि हा झाला नियम, जुन्या वळणाची माणसं त्यावर थांबतात कुठे, आरो गावात 1877 पासूनचे बोदेगावाले लोपेस दे एरेदिया आहेत त्यांची तोंदोनिया रेसेर्वा 6 वर्षं पिंपातच असते, पिंपंसुद्धा त्यांची स्वतःची माणसं बनवतात.

आरोला तुला नेणारच. तिथे रेल्वे स्टेशनला चिकटून बोदेगा आहेत, कारण माल गाडीत चढवून बिल्बाओ बंदरात पाठवायचा असायचा. फ्रान्समधल्या बागा फायलोक्सेरा किडीने खाल्ल्या तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत इकडे आले आणि 225 लिटरच्या पिंपाची पद्धत इथे रुजली. पण लाकूड यांनी बरंचसं अमेरिकन ओक वापरलं, म्हणून जुन्या रिओखाला तो व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास. पिंप बदलतानाची पद्धत तर बघत राहावी अशी, वाईन वरून निवळ निघत असते, माणूस ग्लासात थोडी घेऊन मेणबत्तीसमोर धरतो, जरा गढूळ दिसली की धार बंद, खालचा साका तिथेच.

ग्लासात ओतलीस की आधी कडेला बघ, लाल नाही, विटकरी. वास सुक्या अंजिराचा, तंबाखूचा, जुन्या चामड्याचा. तुरटपणा पार बसलेला असतो पण आंबटपणा अजून ताजा, म्हणून तर जड वाटत नाही, दुसरा ग्लास कधी भरला कळत नाही (तुला तसंही कळत नाही). माझ्या मते रोजच्याला क्रियान्सा (रेसेर्वापेक्षा कमी मुरलेली) बास, आणि पैसा वसूल म्हणशील तर रेसेर्वा.

आता तू म्हणतोयस तांबडा रस्सा करू. कर, पण त्या दिवशी बिअर आणू! तिखटाने जुन्या वाईनचा पार बट्ट्याबोळ होतो. हिच्याबरोबर चुलेतियास, म्हणजे कोवळ्या कोकराच्या बारक्या चापा, द्राक्षाच्या छाटलेल्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या, वर फक्त जाडं मीठ. हाताने खायच्या, बोटं भाजत. काये लाउरेल या बारच्या गल्लीत पिंचोस, म्हणजे बारमधे मिळणारे छोटे छोटे घास, खायला जाऊच, पण तिथे उभ्या उभ्या गर्दीत ग्रान रेसेर्वा मागवू नकोस, वाया जाते.

बाटली मी आदल्या दिवशी उभी करून ठेवतो म्हणजे साका तळाशी बसतो. बूच जुनं झालं की भुसभुशीत होतं, ओपनर हळू फिरवायचा, ते काम माझ्याकडे. डिकँटरात (काचेच्या रुंद सुरईत) ओतून तासभर ठेवायचं फॅड मला पटत नाही, इतकी जुनी असेल तर वास उडून जातो, ग्लासातच उलगडू दे. आणि कृपा करून हीटरजवळ ठेवू नकोस, 17-18 डिग्री पुरे.

बिल्बाओचंच तिकीट काढ, तिथून बसने दोनेक तास. जाड जॅकेट आण. काकूंची शेंगदाणा चटणी पण आण, ती वाईनसोबत नाही, मला नाश्त्याला हवीय.

तुझा,
पक्या