नव्या प्रोसेसरची वाट किती पाहायची?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला ओळखीचे पालक हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, लॅपटॉप आत्ताच घेऊन टाकावा, की नवा प्रोसेसर येतोय म्हणतात, तोवर थांबावं?" माझे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. मुलाचे काम ज्या दिवशी सुरू होणार, त्याच्या आठवडाभर आधी लॅपटॉप घरात असावा. प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपची सारी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपच्या, पुढच्या पिढीसाठी खोळंबून राहू नये. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही.

जानेवारी २०२०मध्ये लास व्हेगासच्या वार्षिक इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात एएमडी या प्रोसेसर कंपनीने लॅपटॉपसाठी रायझन ४००० ही प्रोसेसरची मालिका जाहीर केली. तिची ‘झेन २’ ही रचना, म्हणजे प्रोसेसरचा आतला आराखडा, लॅपटॉपमध्ये प्रथमच येत होती आणि तिच्या वेगाविषयी बोलले जात होते ते बऱ्याच अंशी खरेही होते. माझी मुलगी तेव्हा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती. दुकानदाराने तिच्यासाठी एक लॅपटॉप बाजूला काढून ठेवला होता आणि फक्त पैसे द्यायचे बाकी होते. पण "जूनपर्यंत सहा कोअरवाला येईल, तेव्हाच घेऊ" असे सांगून मी ऐटीत परत आलो. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग.) मार्चअखेर टाळेबंदी लागली. घराघरांतून वर्ग आणि कचेऱ्या भरू लागल्यामुळे लॅपटॉपची मागणी एकाएकी वाढली आणि आमच्या गावात तरी पावसाळा संपेपर्यंत हवा तो लॅपटॉप मिळेना. ते पाच-सहा महिने मुलीने स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून तास ऐकले, आणि सी++चे प्रोग्रॅम अंगठ्याने लिहिले. मोबाइलच्या कीबोर्डावर महिरपी कंस शोधताना तिची होणारी चिडचिड मला अजून आठवते. शेवटी ऑक्टोबरमध्ये मिळाला तो लॅपटॉप जानेवारीत मी नाकारलेल्या लॅपटॉपहून कोणत्याही बाबतीत सरस नव्हता. महाग मात्र होता.

या गोष्टीला एक शेपूटही आहे. ज्या झेन २ रचनेसाठी मी थांबलो होतो, तीच पुढे २०२३च्या मालिकेत रायझन ५ ७५२०यू या नव्याकोऱ्या क्रमांकाने बाजारात आली. एएमडीने त्या वर्षापासून अवलंबिलेल्या पद्धतीत पहिला आकडा मालिकेचे वर्ष सांगत असे आणि रचना कोणती हे तिसऱ्या आकड्यावरून कळत असे, म्हणजे ७५२०मधला २ हा झेन २चा, तर ७५४०मधला ४ हा झेन ४चा. दोन्ही डब्यांवर ‘रायझन ५’ आणि ‘७०००’ असेच दिसणार. तिसरा आकडा वाचून घ्यावा, हे गिऱ्हाइकाला सांगणार कोण? त्यातही २०२०च्या रायझन ५ ४५००यूमध्ये सहा कोअर होते आणि २०२३च्या या ७५२०यूमध्ये चार. एएमडीची स्पर्धक असलेल्या इंटेलकडेही फार वेगळी तऱ्हा नाही. २०२३च्या अखेरीस ‘कोअर आय५’सारख्या नावांतला ‘आय’ गेला, ‘कोअर अल्ट्रा’ या नावाने खरोखर नवी रचना आली. पण ‘अल्ट्रा’ हा शब्द नसलेल्या ‘कोअर ५’ आणि ‘कोअर ७’ या नावांखाली १३व्या पिढीचीच रचना पुष्कळदा विकली गेली. असे प्रोसेसर वाईट असतात असे मी म्हणत नाही. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन तास एवढ्यासाठी ते पुरतात. परंतु नवे म्हणून ज्याची वाट पाहिली, ते नवे असेलच असे नाही, हे वाट पाहणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. जानेवारीत लास व्हेगासला किंवा मे-जूनमध्ये तैवानातल्या तैपेईच्या संगणक प्रदर्शनात जे जाहीर होते, ते आपल्याकडे प्रथम लाखाच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये येते. पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये त्या वेळी आधीची, कधीकधी त्याही आधीची रचना असते. तेव्हा एवढे पैसे हाताशी असलेला पालक सहा महिने थांबला, तरी ज्या प्रोसेसरची चर्चा त्याच्या मुलाने यूट्यूबवर ऐकली, तो त्याच्या पदरात पडत नाही. मुलाचे पहिले सत्र मात्र तेवढ्यात संपून जाते.

आपल्याकडे थांबण्याची सवय मुळात किमतीमुळे लागली. इलेक्ट्रॉनिक वस्तू ठेवली की स्वस्त होते, हा आपला वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव, आणि त्यात दसरा-दिवाळीच्या सवलतींची भर. हा हिशेब २०२५च्या उत्तरार्धापासून बिघडला आहे आणि त्याचा प्रोसेसरशी संबंध नाही. संबंध आहे तो रॅमशी, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणाऱ्या मेमरीशी. जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी खास प्रकारची मेमरी त्यांना अधिक नफा देते, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि साध्या लॅपटॉपच्या रॅमचा तुटवडा पडून भाव चढले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रूशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी रॅम आणि एसएसडीची (फाइली साठवण्याच्या ड्राइव्हची) विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा काळात थांबून राहणाऱ्याला पुढे त्याच पैशांत १६ जीबीऐवजी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यावा लागू शकतो, आणि ८ जीबीवर नवा प्रोसेसरही धापा टाकतो. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही लॅपटॉप स्वस्त होतील म्हणून थांबलेले दोन-तीन पालक मला भेटले होते. ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप १८ टक्क्यांतच होता आणि तिथेच राहिला.

म्हणून पालकांनी दुकानात प्रोसेसरच्या पिढीची चौकशी करण्यापूर्वी रॅमची करावी, असे मला वाटते. ती किती आहे, आणि जास्त महत्त्वाचे म्हणजे बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाखून बसवलेली, आहे की वाढवता येते? वर उल्लेख केलेल्या ७५२०यूसारख्या प्रोसेसरबरोबर रॅम सोल्डर केलेलीच येते, त्यामुळे ८ जीबी घेतली तर लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत ८ जीबीच. उलट रॅमसाठी मोकळा खण असलेला दोन वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप चार वर्षांची पदवी आरामात काढतो. यांत्रिकी किंवा स्थापत्य शाखेच्या मुलांनी आणखी एक पाहावे : स्नॅपड्रॅगनसारखा ‘आर्म’ नावाच्या, इंटेल-एएमडीहून वेगळ्या धाटणीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी उत्तम टिकते, पण अभियांत्रिकीची काही सॉफ्टवेअर अशा लॅपटॉपवर चालत नाहीत. कोणते सॉफ्टवेअर लागणार, हे महाविद्यालयात विचारून मगच पैसे मोजावेत.

थांबणे कधीच शहाणपणाचे नसते, असे मात्र नाही. मार्च २०२०मध्ये अ‍ॅपलचा इंटेल प्रोसेसर असलेला मॅकबुक एअर हा लॅपटॉप घेणाऱ्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरचा एअर आलेला पाहून हळहळ वाटली असेल, आणि ती रास्त होती. वेग, बॅटरी, तापणे या तिन्ही बाबतींत तो फरक मोठा होता. पण अ‍ॅपलने आपण स्वतःच्या प्रोसेसरकडे वळत असल्याचे जूनमध्येच अधिकृतपणे सांगितले होते आणि पहिला संगणक वर्षअखेर येईल हेही सांगितले होते. काय बदलणार आणि कधी, हे दोन्ही पक्के असेल आणि घरचा जुना लॅपटॉप तोवर रेटणार असेल, तर जरूर थांबावे. दर वर्षी होणाऱ्या किरकोळ वेगवाढीसाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता या पत्राचे मूळ प्रयोजन. लॅपटॉपच्या खोक्यावर वैधमापन नियमांनुसार उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. ते वर्ष खोक्याचे. आतला प्रोसेसर कोणत्या वर्षीच्या रचनेचा, हे त्यावरून कळत नाही. फ्रिज घेताना ताऱ्यांच्या पट्टीवर ते मानांकन कोणत्या काळासाठीचे आहे हे छापलेले असते आणि घरातली आजीसुद्धा ते वाचू शकते. लॅपटॉपसाठी प्रोसेसरची रचना प्रथम बाजारात आल्याचे वर्ष आणि रॅम वाढवता येते किंवा नाही, एवढ्या दोन गोष्टी मराठीत आणि ठळक अक्षरांत दर्शनी भागावर छापण्याची सक्ती केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने करावी. तोपर्यंत निदान आपल्या दैनिकात दर आठवड्याला पानपानभर येणाऱ्या लॅपटॉपच्या जाहिरातींमध्ये प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक छापावा, असा आग्रह आपण जाहिरातदारांकडे धरावा, ही विनंती. गेल्या रविवारच्या अंकातील जाहिरातीत ‘नवीन पिढीचा शक्तिशाली प्रोसेसर’ एवढेच लिहिले होते, आणि क्रमांक भिंग लावूनही मला सापडला नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सातारा