ट्रेलर ओढणारी गाडी निवडताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईवडिलांसह अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने पाहता यावीत, म्हणून माझ्या परिचयातील काही मराठी कुटुंबांनी कॅम्पिंग ट्रेलर घेतले आहेत. ट्रेलरमध्ये पलंग किती, न्हाणीघर कसे, यावर घरात महिनोन्‌महिने खल होतो. तो ओढायचा कोणत्या गाडीने, हा प्रश्न मात्र विक्रेत्याच्या एका वाक्याने निकाली निघतो : ‘तुमची गाडी ५,००० पौंड ओढते आणि हा ट्रेलर त्याहून हलका आहे.’ हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. आम्ही त्याच वाक्यावर विसंबून व्यवहार केला होता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

५,००० पौंड म्हणजे सुमारे २,२७० किलो. सामानसुमानासह २,००० किलो भरणारा ट्रेलर या मर्यादेत सहज बसतो. परंतु ट्रेलर केवळ मागून ओढला जात नाही. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग पुढच्या दांड्यातून गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवर, टेकलेला असतो. तो अडीचशे किलो धरला आणि गाडीत आम्ही चौघे मिळून २६० किलो व आईबाबांचे १३० किलो मिळवले, तर बेरीज ६४० किलोंवर जाते. आमच्या गाडीला माणसे, सामान आणि हा भार मिळून जेमतेम ६०० किलो वाहण्याची परवानगी होती. बॅगा, सायकली आणि खुद्द हिचचे वजन अजून मोजलेलेच नाही! माहितीपत्रकात दिलेले ट्रेलरचे वजनही बहुधा रिकाम्या ट्रेलरचे असते. टाकीत दीडशे लिटर पाणी भरले की दीडशे किलो तिथेच वाढतात.

परिणाम आम्हाला डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाताना दिसला. गाडी मागून बसली होती, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन सुकाणू हलके लागत होते. सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढताना विरळ हवेने आमच्या टर्बो नसलेल्या इंजिनाचा दम काढला. चढाला शक्ती कमी पडली तर फक्त वेळ जातो; खरी कसोटी बोगद्यापलीकडच्या सात टक्क्यांच्या उतारावर लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही आपल्याकडची जुनी शिकवण तिथे कामी आली. तरीही मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर झुलायचा आणि मागे बसलेल्या आईचा हात दाराच्या मुठीवर घट्ट आवळला जायचा. पुढच्या मुक्कामावर एकाने सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला हलवण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, हे नशीब. कारण हिचवरचा भार दहा टक्क्यांखाली गेला, की ट्रेलर अधिकच झुलू लागतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, ट्रेलरचा व्यवहार करण्याआधी आपल्या गाडीचे चालकाच्या बाजूचे दार उघडून चौकटीवर चिकटवलेली पट्टी वाचावी. माणसे आणि सामान मिळून गाडी किती वजन वाहू शकते, तो आकडा तिथे असतो. तो त्या विशिष्ट गाडीचा असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलवरून अंदाज बांधू नये. काचेचे छत आणि मोठी चाके असलेल्या महागड्या आवृत्तीचा आकडा साध्या आवृत्तीपेक्षा बऱ्याचदा कमी भरतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असलेली गाडी ट्रेलरपुढे अधिक स्थिर राहते, हेही पाहावे. ट्रेलरचे विद्युत ब्रेक चालवणारा नियंत्रक गाडीत बसवलेला आहे का, याची खात्री तर करावीच. भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारे हिच उपयोगी असते, पण त्याने पट्टीवरचा आकडा वाढत नाही.

आम्ही पुढे जुनी गाडी विकून मोठा पिकअप घेतला. यंदा आईबाबांसह निघालो, तेव्हा महामार्गावरच्या ट्रकथांब्यावर वजनकाट्यावर सगळे जोडून उभे केले. मर्यादेच्या आत ११० किलो शिल्लक होते.

आपला नम्र,
एक वाचक, डेन्व्हर (कोलोरॅडो)