तुमचे पाय भाजत नाहीत?

वाई,
वैशाख वद्य सप्तमी

प्रिय मंदे,

फोनवर तू एवढंच म्हणालीस, "कशाला गेली होतीस मरायला?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तुझ्या कुकरने शिट्टी मारली. म्हणून हे पत्र. शिवाय ह्यांच्या देखत फोनवर सगळं बोलता येत नाही. ह्यांनी एव्हाना अख्ख्या आळीला माझ्या पराक्रमाची त्यांच्या बाजूची हकीकत सांगून झाली आहे, आता माझी तू ऐक.

साखर येऊन यंदा १९ वर्षं झाली. गुडघ्यांचं तुला माहीतच आहे. तळव्यांचं मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास ओट्याशी उभी राहिले की पायाखाली कापडाचा बोळा आल्यासारखं वाटायचं. वाकून बघावं तर फरशी स्वच्छ. मग हळूहळू सगळं घरच गादीवरून चालल्यासारखं. एकदा चपलेतली टाचणी संध्याकाळी चप्पल काढताना दिसली, सकाळपासून आत होती. तेव्हा मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. नायलॉनचा एक ताठ दोरा असतो, तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात, वाकला की बरोबर १० ग्रॅम भार पडतो म्हणे. "लागलं की हो म्हणा," म्हणाले. मी आपली डोळे मिटून वाट बघत बसले. बराच वेळ झाला तसं म्हटलं, "करा की सुरू." तर म्हणाले, "झालं."

मंदे, त्या 'झालं'ने मला जे वाटलं ते साखरेचा पहिला रिपोर्ट आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. मोजे पांढरेच घालायचे, रक्त आलं तर लगेच दिसावं म्हणून. बूट घालायच्या आधी आत हात घालून खडा-काटा चाचपायचा. जे काम पायाचं, ते आता हाताने आणि डोळ्यांनी करायचं. एवढं सगळं ऐकून घरी आले आणि चहा टाकताना मनात आलं, पाय पुरते मुके व्हायच्या आत एकदा धोमच्या नृसिंहाच्या देवळाची वाट चालून घ्यावी. नृसिंह जयंतीला. आपण जायचो तशी.

आठवतंय ना? आपल्या दोघींच्या आया पुढे, आपण मागे, दोघींचाही उपास आणि दोघींच्याही ओच्यात कुणाच्या तरी बांधावरच्या कैऱ्या. तू मिठाची पुडी पोलक्यात लपवायचीस. चप्पल तुझी नेहमी तुटायची आणि मग मीही माझी हातात घ्यायची, मैत्रीखातर. मेणवलीच्या पुढे धुळीचा फुफाटा असायचा, त्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचे, वरून चटका आणि खाली थंड. ते 'खाली थंड' मला आठवत होतं, पण आता लागेल की नाही कळत नव्हतं.

डॉक्टरांना विचारूनच गेले, एवढं श्रेय मला दे. त्यांनी आधी नाही म्हणून पाहिलं. मग सकाळची साखरेची गोळी त्या दिवसापुरती अर्धी केली, कारण चालण्याने साखर आपोआप उतरते आणि वर गोळीही उतरवते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, उन्हात घामावाटे पाणी जातं आणि वर हे, म्हणून तिचंही काय करायचं ते लिहून दिलं. अट एकच, दहाच्या आत सावलीत.

आता दहाची अट मोडली ती माझ्यामुळे नव्हे, नळामुळे. पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं. साडेपाचला येणारं पाणी त्या दिवशी सव्वासहाला आलं. पाणी भरल्याशिवाय घराबाहेर पडायचं हे माझ्याच्याने होत नाही. तुझ्याच्यानेही झालं नसतं. निघालो तेव्हा साडेसात. हे वडापच्या जीपने परस्पर धोमला जाणार होते. माझ्याबरोबर पुतण्या. त्याच्याकडे पिशवी, पिशवीत लिंबू-मीठ पाण्याच्या दोन बाटल्या, साखर तपासायचं यंत्र, आणि माझ्या कमरेच्या पिशवीत साखरेच्या पुड्या, प्रत्येकीत तीन चमचे. निघताना साखर १६२.

मेणवलीपर्यंत तीन किलोमीटरच, पण मला सव्वा तास लागला. पुतण्या मोबाइलवर माझा वेग मोजत होता आणि दर दहा मिनिटांनी जाहीर करत होता. शेवटी मी त्याला म्हटलं, बाळा, तो मोबाइल खिशात तरी घाल नाहीतर कृष्णेत. पांडवगड उजव्या हाताला भाजून निघाल्यासारखा तांबूस दिसत होता. रानं नांगरून पडलेली, ढेकळं उन्हाला तापत ठेवलेली. करंजांना मात्र कोवळी पालवी, त्यांच्याखाली सावली अशी गार की तिथून पाय निघेना. आणि पावशा ओरडत होता. ह्यांच्या मते तो 'पेर्ते व्हा' म्हणतो, तू म्हणायचीस 'घरी जा'.

घाटावर टेकले. ती मोठी घंटा तशीच आहे. १७३९ ला वसई घेतल्यावर चर्चमधून आणलेली, अंगावर बाळाला घेतलेली मेरी. आपल्याला लहानपणी ती कुणीतरी देवीच वाटायची आणि आपण तिला हळदकुंकू लावायला निघालो होतो, तुझ्या आईने हात धरला. नाना फडणविसांच्या वाड्यासमोर कसलं तरी शूटिंग चालू होतं. तिथल्या पोराने आम्हाला "जरा बाजूने जा, फ्रेममध्ये येताय" असं सांगितलं. साठ वर्षं ह्या वाटेवर येतेय मी, म्हटलं फ्रेमच मधे आली आहे. साखर ११८. ठीक.

पुढचं मात्र जड गेलं. दहा वाजून गेले, झाडं विरळ झाली, डांबर वरून झळा मारायला लागलं. तुमच्या नागपूरच्या ४५ पुढे आमचे ३८-३९ तुला हसू येण्यासारखे, पण तुम्ही त्या वेळी कूलरपुढे असता बाई, रस्त्यावर नसता. मी डांबर सोडून कडेच्या फुफाट्यात उतरले. बूट घालून. पाय रुतला ते घोट्याला कळलं, तळव्याला नाही. गार होतं की नाही, देव जाणे.

आणि मग घाम सुटला. म्हणजे घाम आधीपासून होताच, पण हा निराळा, मानेवरून गार उतरणारा. हात थरथरले. आता यात मेख अशी आहे की उन्हानेही घाम येतो आणि साखर उतरली तरी घामच येतो. दोन्हीत डोकं हलकं होतं, दोन्हीत पाय लटपटतात. कुठला घाम कुठला, हे अंगावरून कळत नाही, यंत्रच लागतं. पुतण्याने यंत्र काढलं तर ते चालेना. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात उन्हात तापून त्याने पडद्यावर तापमापकाची खूण दाखवली आणि गप्प बसलं. माझ्याआधी त्यालाच ऊन लागलं.

रस्त्यालगत एक खोपटं होतं, बाहेर भुईमुगाच्या शेंगा तोडत एक बाई बसलेली, पंचेचाळिशीची असेल. माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठलीच. "या सावलीला. पानी प्या आदी, मग सांगा कुठनं आलाय." तांब्यात पाणी आणि वाटीत गुळाचा खडा. उन्हातनं आलेल्या माणसापुढे ठेवतात तसा. मंदे, १९ वर्षं मी लोकांच्या घरचा गूळ "नको, चालत नाही" म्हणून परत करते आहे. मुलीच्या लग्नातसुद्धा केला. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, तपासता येत नसेल तर साखर उतरली असंच धरायचं आणि गोड खायचं. कमरेला साखरेच्या पुड्या होत्या. पण मी गूळ घेतला. सगळा. वाटीला चिकटलेला बोटाने काढून. वर पुतण्याने पुडी फाडून पाण्यात कालवून पाजली ती निराळी. ती बाई म्हणाली, "आनि आनू का?" मी जवळजवळ हो म्हणणार होते.

पंधरा-वीस मिनिटांनी यंत्र ओल्या फडक्याशेजारी निवलं आणि बोललं: ८३. हे एवढं खाल्ल्यावर! आधी किती असेल ते तूच ठरव, मी ह्यांना सांगितलेलं नाही. तिने वर भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, त्याशिवाय उठू दिलं नाही. उपास मोडला म्हणून आई वरून बघत असेल तर बघो.

धोमला पोचायला बारा वाजले. धरणाची भिंत उन्हात पांढरी फटफटीत. हे देवळापाशी पिंपळाखाली छत्री उघडून बसलेले, सावलीत छत्री! काही बोलले नाहीत, म्हणजे खूप रागावले होते. मी बूट काढले. मोजे ठेवायचे असं ठरलेलं होतं. ह्यांनी आठवणही केली. मी काढले. का ते विचारू नकोस, मला सांगता यायचं नाही.

आवारातले दगड दुपारी कसे तापतात तुला माहीत आहे. कुंडातल्या कासवावरच्या नंदीकडे जाताना पोरं एका पायावर टणाटण उड्या मारत होती, बाया पदर सावरत पळत सावली गाठत होत्या. आणि त्यांच्यामधून मी, सावकाश, गुडघे सांभाळत, बागेत फिरल्यासारखी. पंधरा-वीस पावलं असतील. एक म्हातारी सावलीतून मोठ्याने म्हणाली, "बगा गं बगा! ह्याला म्हनत्यात भाव. द्येवाच्या दारात चटका बी लागत न्हाई." आणि तिच्या शेजारची नवी सून उठून आली आणि माझ्या पाया पडली.

मी सांगायला हवं होतं, पोरी, भाव नाही गं, नसा मेल्यात. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिने डोकं टेकवलं होतं, मी चक्क हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हणाले. तेवढ्यात घोट्याच्या वर, जिथे अजून कळतं तिथे, दगडांची वाफ लागली आणि मग मी घाबरले. ह्यांनी बाटलीतलं पाणी पायांवर ओतलं आणि अक्षरशः दंड धरून सावलीत नेलं. नृसिंहाचं दर्शन मोजे घालून घेतलं. त्याला चाललं. जन्म संध्याकाळचा असतो, पण तोवर थांबू द्यायला हे तयार नव्हते. वडापने घरी.

रात्री उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढा फोड. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं, ते नुसते लिहीत राहिले. फोडायचा नाही, रोज पट्टी बदलायची, लाली वाढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं. आठ दिवस घराबाहेर नाही. म्हणून तर एवढं लांब पत्र लिहायला वेळ आहे.

त्या खोपटातल्या बाईला मी हळदीची पूड पाठवली पुतण्याबरोबर. तर तिने त्याच्या हाती पायलीभर शेंगा परत पाठवल्या आणि वर गुळाची ढेप. ढेप ह्यांनी माळ्यावर ठेवली आहे, मला शिडी चढता येत नाही हे हेरून. आता रोज रात्री जेवणं झाली की हे बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन माझ्या पायाशी बसतात, चष्मा कपाळावर, आणि फोड बघून कॅलेंडरवर त्या तारखेपुढे बारीक अक्षरात लिहितात. काल 'सुकतोय' लिहिलं. आज दुधाचा हिशेबही त्याच चौकोनात आला आहे, त्यामुळे 'सुकतोय दीड लिटर' असं वाचावं लागतं.

भाऊजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. पावसाळा लागायच्या आत ये.

तुझी,
सुलभा

ता. क. पावशाचं तुझंच बरोबर होतं. या खेपेला नीट ऐकलं.