मिस्त्रीकाका, तुमची हातोडी माझ्याकडेच आहे

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

यंदाच्या मे महिन्यात गोव्यात बेतीच्या धक्क्यावर तुम्ही माझी बोट पहिल्यांदा पाहिलीत. 24 फुटी, नव्वदच्या दशकातली, खोल व्ही तळाची. मी नव्या 200 हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं कौतुक सांगत होतो आणि तुमचं लक्षच नव्हतं. खिशातून छोटी हातोडी काढून तुम्ही ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवर, ठोकत होतात. टक, टक, टक आणि एकदम थप्प! कच्च्या मडक्यासारखा आवाज.

"घायकुत्या, इंजिन राहू दे. आधी हे उघड."

खरं सांगतो, राग आला होता. दोनच वर्षांपूर्वी एका वर्कशॉपने तिथे नवं जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, मारून पैसे घेतले होते. पण आतलं फायबर कापलं तर प्लायवुडच्या जागी काळा चोथा. चहा गाळून उरतो तसा. वास मात्र खाजनातल्या चिखलाचा. मी ओंजळीने काढला. जुन्या इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरत गेलं होतं. त्यावर आधीच्या टू-स्ट्रोकपेक्षा तीसेक किलो जड फोर-स्ट्रोक टांगून आग्वादच्या बाहेर सुसाट गेलो असतो, तर इंजिन फळीसकट समुद्रात गेलं असतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे तुमच्या कामाचा खरा हंगाम. ट्रॉलरवाले रांग लावून बसलेले. तरी दिवसभर त्यांचं उरकून तुम्ही संध्याकाळी माझ्याकडे येत होतात. ताडपत्रीखाली पिवळे बल्ब लावून हवा कोरडी करायची, मरीन प्लाय, काचेची मॅट, इपॉक्सीचा डिंक, शिकंजे. सकाळी त्यावर मेणचट घाम धरलेला असायचा. तो पाण्याने घासून काढल्याशिवाय तुम्ही पॉलिशपेपरला हात लावू दिला नाहीत. "हे धुतलं नाहीस तर पुढचा थर चिकटल्यासारखा दिसेल, चिकटणार नाही."

पेट्रोलच्या नळ्याही तुम्हीच बदलायला लावल्यात. आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल. ते पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. पाणी वेगळं करणारा फिल्टरही बसवला.

पंख्याच्या बाबतीत मात्र मी बरोबर होतो, हे मान्य करा! 21 पिचवर, म्हणजे पात्यांच्या जास्त पिळावर, इंजिन मिनिटाला 5,100 फेऱ्यांच्या वर जाईना. 19 लावला आणि गेल्या आठवड्यात मांडवीत 5,500 गाठले. ट्रान्सम तसूभर हलला नाही.

तुमची हातोडी बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या खोलगटात, सापडली. चवथ झाली, समुद्र निवळला की एका रविवारी सकाळी बेतीला या, तेव्हाच देईन. तुमच्या मापाचं लाइफ जॅकेट आणून ठेवलंय.

तुमचा
घायकुत्या