कितीला पळवली? ऐक

म्युनिक,
सप्टेंबर

प्रिय पव्या,

नव्या गाडीचा फोटो पाठवल्याबरोबर तुझा एकच प्रश्न आला, "कितीला पळवलीस?" ना अभिनंदन, ना रंगाची चौकशी. फोनवर मी विषय टाळला, कारण नुसता वेगाचा आकडा सांगितला असता तर तू दिवाळीपर्यंत हसत बसला असतास. आता सविस्तर लिहितो.

गाडी म्युनिकच्या शोरूममध्येच मिळत होती. पण इथे थेट कारखान्यावर जाऊन ताबा घ्यायचीही सोय असते. माझी फोक्सवॅगन गोल्फ जिथे तयार होते त्या वुल्फ्सबुर्गला रेल्वेने जायचं आणि गाडी चालवत परत यायचं, सुमारे सहाशे किलोमीटर. हिने कपाळाला हात लावला. पण तुझी चाकणची पोलो आणताना आपण उगाचच कारखान्याच्या गेटपर्यंत चक्कर मारून आलो होतो, आठवतंय? तीच खाज.

वुल्फ्सबुर्ग हे गावच मुळी १९३८ साली या कारखान्यासाठी वसवलं. स्टेशनातून बाहेर पडलं की कालव्यापलीकडे विटांच्या वीजघराच्या चार चिमण्या दिसतात आणि शेजारी काचेचे दोन गोल मनोरे. प्रत्येक मनोरा ४८ मीटर उंच, २० मजल्यांचा, आणि आत ४०० गाड्या. कारखान्यातून भुयारातल्या पट्ट्यावरून गाडी मनोऱ्यात येते, मधल्या खांबावरचा यांत्रिक हात ती उचलतो आणि कप्प्यात सरकवतो. आपली पाळी आली की तोच हात ती खाली काढतो. सगळ्या प्रवासात कुणी ती चालवतच नाही, त्यामुळे मीटर जवळजवळ शून्यावर असतो. जेवणात तिथली करीवुर्स्ट घेतली. हे सॉसेज कंपनी स्वतः १९७३ पासून बनवते आणि त्याला नटबोल्टसारखा अधिकृत पार्ट नंबर आहे. काही वर्षी म्हणे गाड्यांपेक्षा तीच जास्त खपतात. हिने फक्त फ्राइज खाल्ले.

नंबरप्लेट आधीच तयार होती. इथे थोडी फी भरली की अक्षरं-आकडे पसंतीचे मिळतात. म्युनिकचा एम तर येतोच, शेवटी ९ मागून घेतला. का ते एमएच ०९ वाल्याला सांगायला नको. किल्ली देणाऱ्या बाईंनी अर्धा तास बटणं समजावली, मग हिने पर्समधून हळदी-कुंकवाची डबी काढली. बाई जरा दचकल्या, पण बॉनेटवर बोटं टेकेपर्यंत शांत उभ्या राहिल्या आणि "हे धुतलं की जातं ना?" एवढंच विचारलं. नारळ घरी येऊन फोडला. त्या चकचकीत हॉलमध्ये माझी छाती झाली नसती.

आता तुझा आकडा. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, पहिले हजार किलोमीटर कमाल वेगाच्या दोन तृतीयांशाच्या वर नेऊ नका. माझ्या गाडीच्या हिशेबाने ते दीडशेच्या आत येतं. म्हणजे जिथे वेगाला बंधन नाही त्या रस्त्यावर नवीकोरी गाडी घेऊन मी १२०–१३० वर निमूट चाललो होतो. झालं, हस आता.

पण त्यामुळेच मला ऑटोबान, म्हणजे इथला द्रुतगती महामार्ग, नीट बघायला मिळाली. वेगमर्यादा नाही असा साधारण ७० टक्के भाग आहे, बाकी ठिकाणी पाट्या आहेत आणि कॅमेरेही. १३० हा सल्ल्याचा वेग. त्याच्या वर जायला मनाई नाही, मात्र अपघात झाला तर चूक तुमची नसतानाही नुकसानीचा काही वाटा गळ्यात पडू शकतो. खरा कायदा लेनचा आहे. उजवी लेन मोकळी असेल तर उजवीकडेच राहायचं, डावीकडून ओलांडायचं आणि लगेच परत यायचं. उजवीकडून ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. मी १२० वर आणि मागचा २२० वर असेल तर तो दर सेकंदाला २७–२८ मीटर जवळ येतो. आरशात लांब ठिपका दिसला म्हणून लेन बदलावी, तर तोवर तो मागच्या सीटवर बसल्यासारखा! तरी तो तसा येऊ शकतो, कारण पुढचा बाजूला होणार याची त्याला खात्री असते. आपल्या एक्सप्रेसवेवर वेगवान लेनमध्ये साठने रमतगमत चाललेला ट्रक आठव. त्या रस्त्याला शंभरची मर्यादा कमी का वाटत नाही, ते मला इथे कळलं.

वाटेत मारियनबोर्नला थांबलो. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधलं हे तपासणी नाकं, १९९० पर्यंत चालू होतं, आता स्मारक आहे. पत्र्याची छपरं, उंच दिव्यांचे खांब, पासपोर्ट तपासायच्या खोल्या, सगळं तसंच ठेवलंय. पश्चिम बर्लिनला जाणाऱ्यांना इथून पुढे शंभरची मर्यादा होती आणि ठरलेला रस्ता सोडायला बंदी. गंमत म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनीच्या सरकारनेच पश्चिमेकडून दहा हजार गोल्फ मागवल्या होत्या, लोक ट्राबांट या तिथल्याच साध्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले असताना! मी तिथे ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळलो. हिला गाडीतून हॉर्न द्यावा लागला.

मग माग्डेबुर्ग, हाले आणि तिथून ए९ महामार्ग धरून सरळ दक्षिणेला. बायरॉइटच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं. गाड्या अजून पुरत्या थांबल्याही नव्हत्या, तेवढ्यात डाव्या लेनमधल्या सगळ्या डावीकडे सरकल्या, उरलेल्या उजवीकडे, आणि मधे आपोआप वाट पडली. पोलीस नाही, शिट्टी नाही. दोन-तीन मिनिटांनी त्या वाटेने ॲम्ब्युलन्स सुसाट गेली. हे केलं नाही तर किमान २०० युरो दंड आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. (भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर सहाच महिने चालतं. मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने.) पण पाठ करणं वेगळं. दंडाच्या भीतीने एवढ्या सगळ्या गाड्या एका दमात सरकत नाहीत, असं माझं मत. ही म्हणाली, भीतीनेच सरकतात. वाद न्यूरेनबर्गपर्यंत पुरला.

इंगोलश्टाटनंतर दोन्ही बाजूंना बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या वेलींचे उंच मांडव लागले, तासगावच्या द्राक्षबागा तिप्पट उंच कराव्यात तसे. तोडणी चालू होती. घरी पोचेस्तोवर अंधार पडला.

तर आकडा असा आहे की अजून आकडा नाही. हजार किलोमीटर तू येईपर्यंत होतील, मग तूच पळव. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आण, आपल्या लायसन्ससोबत तो असला की पर्यटकाला चालवता येते. आणि जन्मतारीख कळव, कारण इथे विम्यात चालवणाऱ्यांची नोंद करावी लागते. लायसन्सवर असेल तीच पाठव, गुरुजींनी लावलेली १ जून असली तरी चालेल.

तुझा,
सुऱ्या