जुना सर्व्हर बदला, पण त्यातला प्रोग्राम फेकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात उद्योगाच्या पानावर नवीन गुंतवणूक, नवीन प्लॉट, ऑटोमेशन, एआय असं बरंच छापून येतं, यायलाच पाहिजे, पण नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांत एक प्रश्न वर्षानुवर्षं तसाच पडून आहे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. प्रश्न जुन्या सर्व्हरचा, म्हणजे कारखान्याचा सगळा डेटा ठेवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरचा आहे. मी या भागात कॉम्प्युटर आणि नेटवर्क मेंटेनन्सची कामं करतो त्यामुळे हे रोज बघतो, ऐकीव सांगत नाहीये.

एक नमुना सांगतो. शॉपफ्लोरच्या कडेला प्लायवूडची केबिन, त्यात जिन्याखाली एक जाडजूड टॉवर सर्व्हर, वर दरवर्षीच्या खंडेनवमीच्या हळदीकुंकवाचे थर, जाळीत कटिंग ऑईलच्या वाफेने चिकटलेली काळी धूळ. समोर डिस्कच्या चार लाईट, तीन हिरव्या आणि एक पिवळी, आणि ती पिवळी लाईट कधीपासून आहे ते तिथल्या कोणालाच सांगता येत नाही. आत विंडोज सर्व्हर २००३, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २००० हा डेटाबेस आणि व्हीबी सिक्स या जुन्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम. जीएसटी आला तेव्हा २०१७ ला बिलिंग यातून बाहेर काढून रेडीमेड पॅकेजवर नेलं, पण बाकी सगळं अजून इथेच. जॉब कार्ड, डायचं रजिस्टर, कोणत्या पार्टचं मटेरियल जॉबवर्कला कोणाकडे गेलंय आणि किती परत आलंय, पीस रेटचे पगार. कारखाना खऱ्या अर्थाने चालतो तो याच्यावर.

या विंडोजचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ ला बंद केला, खालच्या एसक्यूएल सर्व्हरचा तर त्याच्याही आधी, २०१३ ला. म्हणजे सिक्युरिटीचे अपडेट नाहीत, आणि त्या काळातल्या स्कझी पद्धतीच्या डिस्क आता नवीन मिळत नाहीत, मिळाल्या तर जुन्या मशीनमधून काढलेल्या.

मालकांना सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा". दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर विकणारे येतात, ते म्हणतात हे सगळं कालबाह्य झालंय, फेका आणि आमचं पूर्ण ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर, घ्या. मला दोन्ही पटत नाही. जुन्या नाशकात एखादा वाडा धोकादायक झाला तर आतली माणसं आधी सुरक्षित जागी हलवतात, वाड्याबरोबर माणसंही नकोत असं कोणी म्हणत नाही, आणि इथेही तेच करायचंय. पेटी, म्हणजे मशीन, जुनी झाली हा एक निर्णय, प्रोग्राम बदलायचा का हा दुसरा निर्णय, दोन्हींची गाठ मारली की मालक घाबरतो आणि काहीच करत नाही.

आणि काहीच न करण्याचा परिणाम काय होतो ते सातपूरला एका कारखान्यात बघितलंय. अशीच एक पिवळी लाईट होती. रेड-५, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवायची पद्धत, त्यात एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, शेवटी डिस्क बदलली आणि रिबिल्ड लावलं, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्यांवरून परत बनवायला लावला. रिबिल्डमध्ये बाकीच्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, त्याच वेळी त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या डिस्कने मान टाकली आणि अख्खा डेटा गेला. बॅकअप रोज होत होता, पण त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर. पुढे कित्येक आठवडे सुपरवायझर लोकांनी वहीत जॉब कार्ड लिहिली, जॉबवर्कवाल्यांकडे किती माल पडलाय ते त्यांनाच फोन करून विचारलं, ते सांगतील तो आकडा धरला. नुकसान सर्व्हरचं झालंच नाही तसं, तो सर्व्हर भंगारच होता, नुकसान आतल्या हिशोबाचं झालं.

उपाय आहे आणि तो काही फार नवीन किंवा महागडा नाही. मशीन चालू आहे तोपर्यंतच त्याच्या डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, काढायची, विंडोज, डेटाबेस, प्रोग्राम, सेटिंग सगळ्यासकट, आणि ती इमेज नवीन सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर, म्हणून चालवायची. प्रोग्रामला कळतही नाही की आपण हललोय. सर्व्हर २००३ ची ३२ बिट स्टँडर्ड एडिशन जास्तीत जास्त ४ जीबी रॅम वापरू शकते, आजच्या साध्यातल्या साध्या सर्व्हरवर हे अख्खं जुनं मशीन एका कोपऱ्यात मावतं आणि वर जागा उरते. इमेज काढायला क्लोनझिला फुकट आहे, व्हर्च्युअल मशीन चालवायला प्रॉक्समॉक्स फुकट डाऊनलोड करता येतं, विंडोज सर्व्हर घेतला तर हायपर-व्ही त्याच्यातच येतं. इमेजच्या जोडीला एसक्यूएलचा रीतसर बॅकअप वेगळा घ्यायचा, नुसत्या इमेजवर विसंबायचं नाही.

आता अडचणी, कारण "एका रात्रीत करून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पहिल्यांदा चालू केलं की बऱ्याचदा निळी स्क्रीन येते आणि खाली 7बी असा कोड. याचा अर्थ डेटा गेला असा नसतो. जुन्या विंडोजकडे नवीन डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो एवढंच, व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीने जोडली की बहुतेक वेळा रस्ता मोकळा होतो. मग लायसनचं बघावं लागतं, मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन त्या मशीनपुरतंच असतं, ते नवीन पेटीवर चालत नाही, त्याची सोय आधी करून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्रिंटर खातो, हे कोणी सांगत नाही. इथे अजून चलन आणि गेटपास डॉट मॅट्रिक्सवर तीन कॉपीत निघतात, जुना प्रोग्राम थेट एलपीटी वन या जुन्या प्रिंटर पोर्टवर अक्षरं पाठवतो आणि नवीन सर्व्हरला तो पोर्टच नसतो. मग प्रिंटर नेटवर्कवर शेअर करून आतल्या एलपीटीला जोडायचा, ते झालं की छपाई एक ओळ खाली सरकते, दुसऱ्या चलनावर दोन ओळी, दहाव्या चलनापर्यंत पार्टीचं नाव टोटलच्या चौकटीत. कारण पानाची लांबी, प्रोग्रामला कंटिन्युअस स्टेशनरीची लांबी अपेक्षित असते आणि ड्रायव्हर ए-फोर समजून बसलेला असतो. हे नीट बसवायला स्टोअरच्या माणसाला शेजारी बसवून खऱ्या स्टेशनरीवर गठ्ठाभर चलनं काढून बघावी लागतात, ऑफिसात बसून होत नाही.

डोंगलचंही असंच, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी ती छोटी चावी. यूएसबी डोंगल असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये आत पोचवता येतो, हायपर-व्हीत तशी थेट सोय नाही, नेटवर्कवरून यूएसबी देणारा वेगळा डबा लावावा लागतो. प्रिंटर पोर्टवाला जुना डोंगल असेल तर सॉफ्टवेअर देणाऱ्याला गाठून बदलून घेणं हाच सरळ मार्ग. आणि डॉसमधला फॉक्सप्रो (जुना डेटाबेस) वगैरे असेल तर लक्षात ठेवा, ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत, विंडोज ११ तर ६४ बिटच आहे, तेव्हा नवीन पीसी आणला आणि त्यावर जुना प्रोग्राम टाकला हे होणार नाही, त्याला ३२ बिटचं व्हर्च्युअल मशीन किंवा डॉसबॉक्स हे डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लागेल.

मराठी डेटा हा आपल्याकडचा खास विषय. पतसंस्था, सोसायट्या, बाजार समितीतल्या अडत्यांकडे अजून असे प्रोग्राम सापडतात ज्यात सभासदांची नावं युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या, आधीच्या पद्धतीने साठवलेली आहेत. डॉसच्या काळात सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवून मराठी दिसायचं, ते कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं तो आताच्या मदरबोर्डवर नसतो आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये ते नेता येत नाही. अशा ठिकाणी डेटा युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो. इस्की या जुन्या भारतीय कोडमध्ये असेल तर बरंच सोपं आहे, युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलीय. पण श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो आणि जोडाक्षरं, रफार एकेक तपासावे लागतात, खातेदाराचं आडनाव चुकलं तर ठेव परत देताना भांडण होतं.

हलवून झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका, कारण नवीन पेटीत बसवलं तरी आतलं विंडोज तेच, बिनअपडेटचं. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस ज्या एसएमबी वनमधल्या (फाईल शेअर करायची जुनी पद्धत) भोकातून घुसला ते एसएमबी वन सर्व्हर २००३ ला फाईल शेअरिंगसाठी लागतंच. दीडेक महिन्याने २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत करून गेला, आपल्या जिल्ह्यातला कांदा आणि द्राक्षं ज्या बंदरातून जातात तेच हे जेएनपीटी. म्हणून जुन्या व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट द्यायचं नाही, त्याचं नेटवर्क वेगळं, त्यात फक्त जे पीसी लागतात तेवढेच. नवीन विंडोजवर एसएमबी वन बंद असतं म्हणून जुना फोल्डर दिसत नाही, मग कोणीतरी यूट्यूब बघून ऑफिसातल्या सगळ्या पीसीवर ते चालू करतं, हे कृपा करून करू नका. आणि बॅकअपची एक कॉपी कारखान्याच्या बाहेर, ती परत चालू करून बघितलेली. चालू करून न बघितलेला बॅकअप मी मोजत नाही.

जुनं कायम ठेवा असं माझं म्हणणं अजिबात नाही. फॉक्सप्रोच्या एका टेबलची फाईल २ जीबीच्या पुढे जातच नाही, कितीही नवीन सर्व्हर आणा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे कधी काय बदललं याची नोंद, लागतो, तो या प्रोग्राममध्ये नाही, तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड असाल तर चालू हिशोब यावर ठेवता येणारच नाही. पण कंपनी कायद्याने मागच्या ८ वर्षांची पुस्तकं ठेवायची आहेत, ती उघडायला हा प्रोग्राम लागणार आहे. व्हर्च्युअल मशीन केल्याने तुम्हाला वेळ मिळतो. नवीन सॉफ्टवेअर घाईत, सर्व्हर बंद पडलाय म्हणून, समोरचा म्हणेल त्या भावात घ्यावं लागत नाही, एकेक डिपार्टमेंट करत नेता येतं, आणि जुन्या-नव्याचे आकडे महिनाभर शेजारी ठेवून जुळवता येतात. आणि जुनी पेटी लगेच भंगारवाल्याला देऊ नका, निदान एक मार्च एंडिंग नीट पार पडू द्या, त्यानंतर डिस्क काढून घेऊन नष्ट करा आणि बाकीचं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे.

निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की सायबर सिक्युरिटीवर मोठ्या कंपन्यांची भाषणं ठेवता तसं एखादं सत्र फक्त या विषयावर ठेवा, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनीही फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवेळी तीच हजेरीची नाहीतर लायब्ररीची सिस्टीम देण्यापेक्षा एखाद्या कारखान्याच्या जुन्या डेटाबेसची टेबलं कागदावर उतरवून द्यायला सांगा, कोणत्या कॉलमचा अर्थ काय, कोणता रिपोर्ट कुठून निघतो. हे काम आज कोणीच करत नाही आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

शेवटची विनंती आपल्या वाचकांतल्या जुन्या प्रोग्रामर मंडळींना. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात नाशकात एकट्याने किंवा दोघांनी मिळून ही सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच जण होते, शॉपफ्लोरवर उभं राहून, फोरमनला विचारून विचारून लिहिलेली. त्यातले काही पुण्याला गेले, काही रिटायर झाले, काहींनी धंदाच बदलला. तुम्ही लिहिलेलं अजून चालू आहे आणि त्याच्यावर दर महिन्याला लोकांचे पगार निघतायत, तुम्हाला कदाचित माहीतही नसेल. घरी कपाटात एखादी सीडी असेल, सोर्स कोड असेल, डेटाबेसच्या एसए या मुख्य खात्याचा पासवर्ड आठवत असेल, तर ज्यांचं आहे त्या जुन्या ग्राहकाला एक फोन करा आणि त्यांच्या हवाली करा. सीडी आता किती दिवस वाचली जाईल सांगता येत नाही, म्हणून आधी तिची कॉपी काढा.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक